एका गायिकेची बारा गाणी आणि तिचे श्रोते



या व्यासपीठावर आम्हांला बोलावले, तेव्हा चालकांची कल्पना अशी असावी, की आम्ही कामगार कायद्यांवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू. त्या विषयांवर आम्ही तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांशी बोलत आलो आहोत आणि पुढेही बोलावे लागेलच. परंतु आज आम्ही एका गायिकेविषयी बोलणार आहोत. ती मराठी नव्हे, हिंदुस्थानी नव्हे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील एका शिवणकाम करणाऱ्या बाईची ती मुलगी. तिचे नाव पॅट्सी क्लाइन. तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९६७ साली, तिच्या बारा गाण्यांची एक तबकडी 'ग्रेटेस्ट हिट्स' या नावाने निघाली. ती लोकांनी पिढ्यान् पिढ्या का ऐकली, आणि ऐकणाऱ्याचे ऋण म्हणजे काय, हा आजचा विषय.

आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील कपाटातल्या पुस्तकांनी आणि माणसांनी केले. संगीताचे शास्त्र आम्हांला येत नाही. तेव्हा जाणकारांनी आमच्याकडून रागदारीची अपेक्षा ठेवू नये. आम्ही श्रोता म्हणून बोलतो. आणि श्रोत्यांची संख्या जाणकारांहून नेहमीच मोठी असते, एवढाच आमचा अधिकार.

ही गाणी आमच्या कानांवर कशी आली, ते आधी सांगितले पाहिजे. १९९६ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात टाळेबंदी झाली. ती नऊ आठवडे चालली. आम्ही तेव्हा पंचविशी नुकतीच ओलांडलेले, युनियनचे सहचिटणीस. फाटकासमोर ताडपत्रीचा मांडव होता. दिवसा पुरुष बसत, दुपारी पॅकिंग खात्यातल्या बायका येत. त्यांत रत्नागिरीकडच्या एक ताई होत्या. त्यांचा भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी होता आणि त्याने त्यांना एक कॅसेट आणून दिली होती. त्या लहानसा टेपरेकॉर्डर मांडवात आणीत आणि हलक्या आवाजात ती कॅसेट लावीत. चार-सहा बायका भोवती बसून हातातले काम करीत ऐकत. कुणी मेथी निवडी, कुणी फाटलेले शिवी.

आम्हांला ते रुचले नाही. एके दिवशी आम्ही म्हणालो, "ताई, ही रडकी इंग्रजी गाणी कशाला? इथे लढा चालू आहे."

त्या म्हणाल्या, "दादा, रडकी कुठे आहेत? नीट ऐका तरी. ही बाई रडत नाहीये, सांगतेय. रडण्याच्या आधी थांबते ती."

इंग्रजी त्यांना आणि आम्हांला सारखेच येत होते, म्हणजे कामापुरते. भावाने पत्रात एकेका गाण्याचा मतलब लिहून पाठविला होता, त्यावर त्यांचे चालले होते. आम्ही त्या दिवशी हसून सोडून दिले. "रडण्याच्या आधी थांबते" हे वाक्य किती नेमके होते, ते कळायला आम्हांला पुढे बरीच वर्षे लागली. पॅट्सी क्लाइनच्या गायनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्याहून थोडक्यात कुणी सांगितलेले आमच्या वाचनात नाही.

आता त्या गायनाचा मुलूख पाहू. ज्याला अमेरिकेत 'कंट्री' संगीत म्हणतात, ते मूळचे दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांचे, खाणकामगारांचे आणि गिरणीकामगारांचे गाणे. १९२७ साली टेनेसीच्या सीमेवर ब्रिस्टल गावी एका तबकडी कंपनीने तात्पुरते ध्वनिमुद्रणाचे ठाणे मांडले आणि आसपासच्या गाणाऱ्यांना बोलावले. तेथून त्याचा बाजार जोमाने वाढला. पण बाजाराच्या बाहेरही ते गायिले जात होतेच. नॉर्थ कॅरोलिनातील गॅस्टोनिया येथे १९२९ साली कापडगिरणीचा मोठा संप झाला. त्या संपात एला मे विगिन्स नावाची एक गिरणीकामगार बाई स्वतः रचलेली गाणी सभांतून म्हणत असे. आपल्या गावच्या चालींत तिने गिरणीतल्या आईचे दुःख घातले होते. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला सभेकडे जाणाऱ्या कामगारांच्या ट्रकवर गोळीबार झाला आणि ती ठार झाली. वय अवघे २८. तिच्या नावाची तबकडी निघाली नाही. गाण्याच्या इतिहासात कुणाचा आवाज उरतो आणि कुणाचा नाही, हे केवळ आवाजाच्या गुणावर ठरत नाही, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

पॅट्सीचे मूळ नाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्स्ली. जन्म ८ सप्टेंबर १९३२, विंचेस्टर गावी. वडील घर सोडून गेले. मुलगी शाळा सोडून कामाला लागली. कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात राबली, औषधांच्या दुकानातील सोडावॉटरच्या टेबलामागे उभी राहिली, आणि रात्री आसपासच्या जलशांतून गाऊ लागली. तिचे रंगमंचावरचे कपडे आई शिवून देई. तिला वाचून स्वरलिपी येत नव्हती. सगळे कानाने उचललेले.

१९५४ साली तिने एका लहान कंपनीशी करार केला. त्या करारात एक कलम होते: ज्या गाण्यांचे प्रकाशनहक्क कंपनीकडे आहेत, तीच गाणी तिने गायची. करारपत्रे वाचण्यात आमचे आयुष्य गेले, म्हणून सांगतो, की कलमे नेहमी अशीच दिसतात. वरून साधी आणि आत कुलूप. गाणे चांगले की वाईट, हा प्रश्नच उरला नाही. ते कंपनीच्या वहीतले आहे की नाही, एवढाच प्रश्न. पाच-सहा वर्षे तिने तशी गाणी गायिली. त्यांत एकच मोठे गाजले, 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'. तेही तिला सुरुवातीला फारसे पसंत नव्हते. १९५७ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेत तिने ते म्हटले आणि देशभर तिचे नाव झाले. पण नाव झाले तरी घर चालेना, कारण विक्रीतला तिचा वाटा अगदी किरकोळ होता. सही करताना तिच्या बाजूला बसून कलमे समजावणारे कुणी नव्हते.

१९६० साली तो करार संपला, ती डेक्का कंपनीकडे रीतसर आली, आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्याच्या हाताखाली तिला गाणी निवडता येऊ लागली. फरक पाहा. हार्लन हॉवर्ड आणि हँक कॉक्रन यांनी लिहिलेले 'आय फॉल टू पीसेस' १९६१ साली कंट्री गाण्यांच्या यादीत पहिले आले. पण ते वर चढत असतानाच, १४ जून १९६१ रोजी, नॅशव्हिलमध्ये तिच्या मोटारीला समोरासमोर अपघात झाला. कपाळ फाटले, मनगट मोडले, कंबरेचा सांधा निखळला. महिनाभर ती इस्पितळात होती. ऑगस्टमध्ये कुबड्या घेऊन ती ध्वनिमुद्रणाला आली. गाणे होते 'क्रेझी', लिहिणारा विली नेल्सन, तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला.

येथे कामाची पद्धत सांगणे अवश्य आहे. नॅशव्हिलमधील ध्वनिमुद्रणाची पाळी तीन तासांची असे. तो वादकांच्या युनियनचा दंडक होता. तीन तासांत तीन-चार गाणी पुरी होत. वाजविणारे तेच ते मोजके लोक, पण हात असे तयार, की गाणे एकदा ऐकले की वाजवायला मोकळे. त्यांतील कित्येकांना स्वरलिपी वाचता येत नसे. जॉर्डनेअर्स या चार पुरुषांच्या गायकसंघातील नील मॅथ्यूज याने पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस स्वरांना आकडे देण्याची एक सोपी रीत काढली. कागदाच्या चिठोऱ्यावर आकड्यांची ओळ लिहिली, की सगळ्यांना कळे. आमच्यासारख्या शाळा अर्धी सोडलेल्या माणसाला ही हकीकत फार आवडते. ज्यांना विद्येचे दार बंद असते, ते भिंतीत आपले दार पाडतात.

'क्रेझी'च्या वेळी मात्र तीन तासांचे चार झाले, तरी गाणे होईना. बरगड्या दुखत होत्या, वरचा सूर धरता येत नव्हता. शेवटी वादकांचे काम मुद्रित करून ठेवले, आणि काही आठवड्यांनी ती परत आली व त्यावर गाऊन गेली. आज आपण जे ऐकतो, ते हे गाणे. फ्लॉइड क्रेमरचा पियानो, मागे चौघांचा मंद सूर, आणि मध्ये तिचा आवाज. तो घाईत नाही. तालाचा ठोका पडून जातो आणि मग शब्द येतो. जणू बोलणारीने क्षणभर विचार केला. वरच्या सुरावर जाताना ती ओरडत नाही, सूर पुरा उघडते. आणि उतरताना आवाजात एक बारीकशी मोड येते, तुटल्यासारखी, पण तुटत नाही. ताई म्हणाल्या ते हेच. रडणे दाराशी आले आहे, हे कळते. ती दार उघडत नाही.

म्हणूनच श्रोता तिच्यावर विश्वास टाकतो. दुःखाचे प्रदर्शन करणाऱ्याला लोक दोन वेळा ऐकतात, तिसऱ्या वेळी कंटाळतात. दुःख आवरून काम करणाऱ्याला मात्र लोक ओळखतात, कारण बहुतेकांचे आयुष्य तसेच असते. पाळीला जायचे असते, डबा भरायचा असतो. रडायला वेळ ठरवून मिळत नाही. 'शीज गॉट यू' हे १९६२ चे गाणे घ्या. त्यात एक बाई आपल्याजवळ उरलेल्या वस्तू मोजते: फोटो, तबकड्या, अंगठी. वस्तू सगळ्या हिच्याकडे, माणूस दुसरीकडे. बस्स, एवढेच गाणे. पंचनाम्यासारखी यादी आहे. आणि त्या यादीनेच काळीज हलते. उपमा नाही, चंद्र नाही, नदी नाही.

त्या बारा गाण्यांत सगळेच 'क्रेझी'च्या तोडीचे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. 'बॅक इन बेबीज आर्म्स' हलकेफुलके आहे. 'स्ट्रेंज' आणि 'सो राँग' चांगली आहेत, पण ती त्या काळच्या वळणाची. 'स्वीट ड्रीम्स' आणि 'फेडेड लव्ह' ही १९६३ च्या फेब्रुवारीतली, तिच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणांतली. त्यांत तंतुवाद्यांचा मोठा ताफा आहे. यावर एक आक्षेप पूर्वीपासून आहे, आणि तो प्रामाणिक आहे. आक्षेप असा, की नॅशव्हिलच्या कंपन्यांनी खेड्यातले फिडल मागे सारले, शहरी व्हायोलिने पुढे आणली, आणि कष्टकऱ्यांचे गाणे दिवाणखान्यात बसण्याजोगे गुळगुळीत केले. पॅट्सीलाही आरंभी तो पुरुषांचा कोरस नको होता. तिची ओढ गावरान गाण्याकडेच होती. आम्हांला आक्षेप निम्मा मान्य आहे. साज शहरी झाला, हे खरे. पण आवाज शहरी झाला नाही. साटिनच्या गादीवर ठेवलेला विळा विळाच राहतो.

तिचा शेवट आपणांस माहीत असेल. ३ मार्च १९६३ रोजी कॅन्सस सिटी येथे एक मदतीचा जलसा होता. तेथील रेडिओवरचा एक निवेदक अपघातात वारला होता, त्याच्या कुटुंबासाठी. पॅट्सी तेथे गायिली. परतताना ५ मार्चला टेनेसीत कॅम्डेनजवळ लहान विमान कोसळले, आणि तिच्यासह चौघे गेले. वय ३० वर्षे. आपल्या धंद्यातल्या मेलेल्या माणसाच्या बायकामुलांसाठी वर्गणी गोळा करून घरी परतणाऱ्या माणसाचे हे मरण आहे. आमच्या चळवळीत असे मरण आलेल्याला आम्ही कार्यकर्ता म्हणतो.

आता १९६७ च्या तबकडीकडे या. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले, तर ती कंपनीने गोदामातल्या तयार मालातून बांधलेली पुरचुंडी. नवे ध्वनिमुद्रण नाही, गायिकेला बोलावणे नाही. अशा पुरचुंड्या शेकड्याने निघतात आणि विसरल्या जातात. ही विसरली गेली नाही. एकट्या अमेरिकेत तिच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. १९७३ साली कंट्री संगीताच्या कीर्तिमंदिरात एकटी गाणारी पहिली स्त्री म्हणून पॅट्सीचा समावेश झाला. जाहिरातीने पहिली लाख खपते. कोटी खपते ती एकाने दुसऱ्याला "हे ऐक" म्हटल्याने. आईने मुलीला दिली, खलाशाने बहिणीला दिली.

पण बंधुभगिनींनो, ऐकणाऱ्याने एवढ्यावर समाधान मानू नये. आवाज वाजतो तेव्हा पैसा कुठे जातो, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत नाणे टाकले की वाजणारी ज्यूकबॉक्स यंत्रे खानावळी-खानावळींतून होती. १९०९ च्या कायद्याने त्या यंत्रांना गीतकाराला काही देण्यापासून सूट होती; ती १९७६ च्या कायद्याने गेली आणि अंमल १९७८ पासून झाला. म्हणजे पॅट्सीच्या हयातीत ज्या यंत्रांनी 'क्रेझी' रात्रंदिवस वाजविले, त्यांच्या नाण्यांतून लिहिणाऱ्याला आणि गाणारीला हक्काचे काही नव्हते. रेडिओचे तर नवल आहे. तेथील साध्या रेडिओकेंद्रांनी गाणे लावले, तर लिहिणाऱ्याला मोबदला मिळतो, गाणाऱ्याला अजूनही मिळत नाही. इंटरनेट व उपग्रहावरील प्रसारणासाठी मोबदला आहे, पण १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना त्याचे पुरते संरक्षण २०१८ च्या कायद्याने मिळाले.

हे आपोआप मिळत नसते. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेतील वादकांच्या युनियनने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. म्हणणे सरळ होते: आम्ही एकदा वाजवितो, तबकडी हजारदा वाजते, आणि त्या तबकडीमुळे आमच्याच भावांची जलशातली नोकरी जाते. कंपन्यांनी वाद्यांवाचून नुसत्या कोरसवर गाणी काढून पाहिली. डेक्काने १९४३ साली तडजोड केली, मोठ्या दोन कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये आल्या. प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम निधीत जाऊ लागली आणि त्यातून बेकार वादकांना लोकांसाठी फुकट जलसे करण्याचे काम मिळाले. आपल्याकडेही लता मंगेशकरांनी साठच्या दशकात गायकाला रॉयल्टी हवी म्हणून आग्रह धरला, आणि त्यावरून महंमद रफींशी मतभेद होऊन काही वर्षे दोघे एकत्र गायिले नाहीत. आपल्या १९५७ च्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हा गीतकार-संगीतकारांचा वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही असे ठरले, आणि गायक-वादकांनाही व्यापारी वापरात वाटा मान्य झाला. मागणी आणि कायदा यांत जवळजवळ अर्धे शतक गेले.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगून संपवितो. ती सांगण्यासाठीच हा विषय घेतला. त्या टाळेबंदीत आमच्या मागणीपत्रात अकरा मागण्या होत्या. नववी मागणी पॅकिंगच्या बायकांची होती: आम्हांला अकुशल म्हणून खालच्या श्रेणीत घालू नका, आणि उभ्याने आठ तास काम करतो तेथे बसायला स्टुले द्या. नवव्या आठवड्यात समेटाची बोलणी झाली. पहाटे दोन वाजता मालकपक्षाने म्हटले, दहा मागण्यांवर सही करतो, नववी सोडा. आम्ही सोडली. बायकांना विचारले नाही; वेळ नव्हता, असे आम्ही स्वतःला सांगितले. बायका मांडवातच झोपल्या होत्या. मांडव पन्नास पावलांवर होता.

सकाळी गुलाल उडाला. ताईंनी करार वाचायला मागितला. वाचला, घडी घातली आणि आमच्या हातात परत दिला. आम्ही काहीतरी बोलू लागलो, तर म्हणाल्या, "राहू द्या दादा. पाळीची वेळ झाली." आवाजात ती बारीक मोड होती. तुटली नाही.

त्या दिवशी आम्ही ती गाणी पहिल्यांदा ऐकली असे म्हणता येईल, कारण त्या दिवसापासून ती आमच्या कानांत वाजू लागली. पॅट्सीने पहिला करार केला, तेव्हा तिच्या बाजूला कुणी नव्हते. आमच्या बायकांच्या बाजूला आम्ही होतो, आणि तरी त्यांचे कलम गेले. यांतला अधिक वाईट प्रकार कोणता, हे आपण ठरवावे. पुढच्या करारात, तीन वर्षांनी, ती मागणी आम्ही पहिल्या क्रमांकावर लिहिली आणि बोलणीच्या टेबलाशी दोन बायका बसविल्या. स्टुले मिळाली. श्रेणी आणखी एका कराराने मिळाली. ताई तोपर्यंत निवृत्त झाल्या होत्या. वरची श्रेणी त्यांना कधीच मिळाली नाही.

जाताना त्यांनी ती कॅसेट आम्हांला दिली. फीत आता झिजली आहे, दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे वाहून जाते. आम्ही तबकडी विकत घेतली आहे, तीही ऐकतो. पण ऐकताना आता आम्हांला मागच्या पियानोवाल्याचेही नाव ठाऊक असते, गीत कुणाचे ते ठाऊक असते, करार कसा होता ते ठाऊक असते; आणि गाणे त्यामुळे कमी गोड लागत नाही. रसिकाने एवढे करावे, अशी आमची विनंती आहे. घरी जाऊन आपल्या आवडत्या गाण्यावरची सगळी नावे एकदा वाचावीत. आणि आपल्या घरात, कचेरीत, कारखान्यात कुणी रडण्याच्या आधी थांबत असेल, तर त्याला ऐकावे. पन्नास पावले चालून जावे लागले तरी जावे.